कपाटातली नको, हातातली आण

आमच्या चौक गावापासून कर्जतपर्यंत मयताचं सामान हलवायला माझ्यासारखा जबाबदार टेंपोवाला दुसरा नाय. स्वतःच्या बापाचं सामान मात्र मी भंगारवाल्याच्या काट्यावर घातलं, आणि वर त्यालाच दम दिला, काटा नीट धर म्हणून.

मी चौथीत दोनदा बसलो. दुसऱ्यांदा गुरुजी स्वतः घरी आले आणि बाबाला म्हणाले, याच्या हातात पाटी नको, याला काहीतरी चालवायला द्या. तेव्हापासून टेंपो. आमच्याकडची बाकीची पोरं गणपती, लग्नाचं सामान, पाण्याच्या टाक्या असली भाडी घेतात. मयताच्या घरचं भाडं कुणी घेत नाय, म्हणून ते माझ्याकडे येतं. गादी नदीवर न्यायची, खाट भावाकडे टाकायची, पेटी लेकीकडे. मला भीती वाटत नाय असं नाय. मला नाय म्हणता येत नाय.

असाच एकदा भिसेगावात टेंपो उभा होता, मागे एक खाट. एक उंच म्हातारा जवळ आला. डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, पायात बायकांच्या गुलाबी चपला, डोळ्यांवर बायकांचा चष्मा, काड्यांवर नक्षी. मी पहिली काच वर घेतली. तो मागे गेला, खाटेची सुतळी बोटाने दाबली, दोन्ही अंगाला दाबली, आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "नवरा आधी गेला. बाई मग बरीच वर्षं एकटी झोपली."

खरंच तसं होतं. मी विचारलं, तुमी नात्यातले का?

"नाय रं. डाव्या अंगाची सुतळी ताठ हाय, उजव्या अंगाची झोळ झालीय. एवढी जागा मिळून पण ती पलीकडे सरकली नाय."

मी खाट वर्षानुवर्षं वाहतोय. माझ्या कधी डोक्यात आलं नाय की खाटेकडे बघायचं असतं.

हा मिस्त्री. रसायनीच्या एका कारखान्यात सुतार होता, ड्रम भरायचे लाकडी खोके बनवायचा. आख्खी नोकरी एकच खोका, एकच माप. रिटायर झाल्यावर त्याने फळ्या करायला घेतल्या. खोक्याच्या लाकडाची हातभर फळी, तिच्यावर माणसाच्या वापरातल्या वस्तू तारेने, खिळ्याने बसवायच्या, अशा बसवायच्या की ते माणूस आत्ता उठून आत गेलंय असं वाटलं पाहिजे. कुणी गेलं की फळी. कुणी घर सोडून चाललं, शेत विकलं, दुकान बंद केलं, तरी फळी. पैसे घ्यायचा नाय, खिळे तेवढे आणून द्यायचे. कुणी त्याला देवारा म्हणायचं, कुणी चित्र म्हणायचं. मी पहिली फळी बघितली तेव्हा मला वाटलं, हार्डवेअरच्या दुकानाची पाटी हाय, आणि हे मी त्या घरच्यांसमोर बोललो.

त्याचं एकच वाक्य होतं. "कपाटातली नको, हातातली आण."

कर्जतच्या बाजारातली एक बाई सासूची पैठणी घेऊन आली होती. घडी मोडलेली नाय, आत डांबरगोळ्या. मिस्त्रीने हातच लावला नाय. म्हणाला, ही कपाटाची हाय, सासूची नाय. बाई रागावून गेली. आठवड्याने परत आली, रुमालात अर्धा तुटलेला कंगवा. उरलेल्या दातांत दोनचार पिकलेले केस अजून अडकलेले. ती कंगवा देता देता तिथंच पायरीवर बसली. मिस्त्री म्हणाला, "आता आली तुझी सासू."

शेत विकलेला एक माणूस सातबारा लॅमिनेट करून घेऊन आला होता. मिस्त्रीने त्याचा वारा घेतला दोन मिनटं आणि परत दिला. म्हणाला, फावडं आण. फावड्याच्या दांड्यावर दोन जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, एक त्याच्या बापाच्या हाताची, एक त्याच्या स्वतःच्या. एका पोरीच्या लग्नात तिचा बाप तिची सायकल घेऊन आला. मिस्त्रीने ब्रेकची मूठ आणि घंटी काढून फळी केली. तो माणूस अजून रोज सांजच्याला ती घंटी एकदा वाजवतो. शेजारी शिव्या घालतात, पण वाजली नाय तर बघायला येतात.

आणि दुसरं म्हणजे, वस्तू दिली की झालं असं नव्हतं. मिस्त्री स्टुलावर बसवायचा आणि सांगायचा, "करून दाखव." वस्तू न घेता. रिकाम्या हातांनी. तुझी आई पीठ कशी मळायची, तुझा बाप दाढी कशी करायचा. धडधाकट माणसं, गावात दरारा असलेली, रिकाम्या हवेत पीठ मळताना मधीच थांबायची आणि हात बघत बसायची. मिस्त्री तेव्हा चहा टाकायला उठायचा. चहा पण बायकोच्या दुधाच्या भांड्यातनंच प्यायचा, कपाने नाय.

त्याच्या घरात भिंतीवर एक फळी नुसतीच होती. एक खिळा, बाकी कोरी. मी एकदा मस्करी केली, मिस्त्री, हिच्यावरचं सामान कुणी पळवलं? म्हणाला, बायकोची हाय. मग लावलं का नाय काय? त्याने पाय पुढे करून गुलाबी चपला दाखवल्या. चष्म्याला बोट लावलं. दुधाचं भांडं दाखवलं.

"सगळं वापरात हाय अजून. वापरातलं फळीवर लावायचं नाय."

मी त्या दिवशी त्या चपलांवर तिसरा विनोद करणार होतो, तो तसाच गिळला.

आता माझं.

बाबाने शेती भावाच्या पोरांवर सोडली आणि माझ्याबरोबर टेंपोत यायला लागला. घरी बसून काय करू म्हणायचा. माझ्या डाव्या अंगाला बसायचा, खिडकीशी. कुठं उतरायचा नाय, मयताच्या घरी तर नायच. बसल्या जागी तंबाखू मळायचा. डाव्या दाराचं आतलं कव्हर तुटलं होतं, तिथं त्याने स्वतः प्लायचा तुकडा आणून ठोकला, घरातले सापडतील ते चार स्क्रू लावून. मी म्हटलं, कामाचा माणूस लावला असता. तो म्हणाला, तू कामाचा माणूस असतास तर तुला टेंपोवर घातला नसता.

एकदा त्याचं चुन्याचं बोट माझ्या नव्या प्यांटीला लागलं. मी भर खोपोली रस्त्यावर टेंपो थांबवून त्याला बोललो. नको नको ते बोललो. तेव्हापासून तो उजव्या हाताचं बोट छातीवरून आडवं न्यायचा आणि डाव्या अंगाला पुसायचा, माझ्यापासून लांब. घरी पण तसंच. दाराच्या चौकटीला डाव्या हाताला बसायचा आणि चौकटीवर पांढऱ्या बोटांचे फराटे. मी त्याच्यावरनं पण बोलायचो. घरात पाव्हणे येतात म्हणून.

पाव्हण्यांचं मी सांगतो आणि टेंपो मात्र वर्षातनं एकदा, दसऱ्याला धुतो. तोपण पुढूनच, हार घालायचा असतो तेवढा.

बाबा गेला तो दुपारी जेवून, हात धुवून. तेराव्यानंतर कडावचा मामा आला आणि आयला महिनाभर माहेरी घेऊन गेला. आणि मला सुचलं की आय यायच्या आत घर असं करून टाकू की तिला वाईट वाटायला जागाच उरली नाय पाहिजे. असला विचार फक्त चौथी दोनदा केलेल्यालाच येतो. मी घराला ऑइल पेंट मारला, पिस्ता रंगाचा. चौकटीला दोन हात. आणि बाबाची पेटी, छत्री, कोयती, चपला, चष्मा, चुन्याची डबी, सगळं भंगारवाल्याला. बायको म्हणत होती, आत्याबाईंना, म्हणजे माझ्या आयला, एकदा विचारा. मी म्हटलं, यातलं मला कळतं, मी या लायनीतला हाय.

महिन्याने आय आली. पहिली चौकटीजवळ गेली, पंजा ठेवला त्या पिस्त्यावर. मग आत गेली, बाहेर आली.

"पेटी कुठंय रं?"

माझ्या तोंडातनं निघालं, "भिसेगावच्या मिस्त्रीकडे दिलीय. बाबाची फळी करायला."

आयने महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "बरं केलंस. वर्षश्राद्धाला आण." आणि संध्याकाळपर्यंत हे आख्ख्या आळीला माहीत होतं. मामाला फोन गेला. पोरगा किती शहाणा निघाला, असं मामी फोनवर रडून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे. त्याने मला डोंगर दाखवला. लोखंड लोखंडात, रबर रबरात, माल पुढे गेला. मी अर्धा दिवस त्या डोंगरावर चढून बाबा शोधला. मग जे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाय ते केलं. तिथलीच एक जुनी कोयती, एक चपलांचा जोड, एक चष्मा, एक चुन्याची डबी उचलली. बापासारखं दिसेल असं. भंगारवाला म्हणाला, विकलं ते आणि आता परत घेतोस? मी म्हटलं, मन बदललं. तो म्हणाला, मनाचं नाय, डोक्याचं बघ.

आणि घरी आय. ती रोज जेवताना विचारायची. चष्मा लावला का फळीवर? त्याची डावी काडी मोडलेली, ती म्हणायची, मी काळ्या दोऱ्याने बांधलेली, तो दोरा हाय का? मी म्हणायचो, हो, हाय ना दोरा. मग ती म्हणायची, डबीच्या झाकणाला मी तापलेल्या सळईने टिंब केलेलं, दुसऱ्यांच्या डब्यांत जाऊ नये म्हणून, ते दिसतंय का? दिसतंय, दिसतंय. छत्रीला माझ्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ. हो आय, हिरवं. मी बाबाच्या वस्तू इतकी वर्षं बघितल्या आणि त्यातलं मला काहीच म्हाईत नव्हतं. सगळ्या वस्तूंवर तिचा हात होता. मी विकल्यावर मला एकेक करून कळत होतं. गाडी चालवताना पण मी दोरा, टिंब, ठिगळ घोकत बसायचो, आणि दुसऱ्या गिअरवरच मी खालापूर गाठायचो.

मी चष्म्याच्या काडीला काळा दोरा बांधला. डबीवर सळईने टिंब केलं, बोट भाजलं. आणि मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्रीने कोयती उचलली. मूठ फिरवून बघितली, स्वतःच्या उजव्या हातात धरली, मग डाव्या.

"बाप डावरा होता का रं तुझा?"

"हो," मी म्हटलं.

चपला उलट्या केल्या. एका चपलेची टाच बाहेरून पार गेलेली. "लंगडायचा?"

"थोडा."

मग त्याने स्वतःचा चष्मा काढला आणि तो घातला. माझ्याकडे बघितलं. "हा बाईचा हाय."

"आयचा घालायचा कधी कधी."

"दोरा कालचा दिसतो."

"कालच बदलला. जुना तुटला."

पाच मिनटांत माझा बाप डावरा झाला, लंगडा झाला, बायकोचा चष्मा लावून फिरायला लागला. आणखी बसलो असतो तर त्याला शेपूट पण फुटलं असतं. मिस्त्रीने वस्तू एकेक करून फळकुटावर मांडल्या, हळू, जशा काय त्या दुखतील. आणि स्टुलाकडे हात केला.

"तंबाखू मळायचा ना बाप? करून दाखव."

मला वाटलं हे सोपं हाय. हे मी रोज बघितलेलं. डाव्या तळहातावर तंबाखू घेतला, म्हणजे हवाच. उजव्या बोटाने डबीतला चुना काढला. अंगठ्याने मळला, थाप मारली, फुंकर मारली, चिमूट ओठात. आणि उरलेल्या चुन्याचं बोट छातीवरून आडवं नेऊन डाव्या अंगाला हवेत पुसलं. बोटाला चुना नव्हता, तरी बोट चुरचुरलं. बाबा गेल्यापासून मला त्याची अशी आठवण आली नव्हती. मला त्याचं तोंड दिसलं, मी प्यांटीवरनं बोललो तेव्हाचं.

आणि मग आठवलं की पाच मिनटांपूर्वी मी त्याला डावरा केलाय. घाईघाईने परत डाव्या हाताने मळायला बसलो.

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणाला. "बघितलं."

बघितलं म्हणजे काय बघितलं, हे विचारायची माझी छाती झाली नाय. पुढचे दोन महिने मी रोज ठरवायचो की आज आयला सांगून टाकू, आणि रोज आय एखादी नवीन गोष्ट काढायची. मामाने कडावहून तांदूळ पाठवले. जेवायला किती पानं, हे ठरलं. आय बायकोला सांगत होती की फळी चौकटीजवळ लावू, ते बसायचे तिथं. मी आतल्या खोलीत कान देऊन ऐकायचो, आणि बायको मला बघून बारीक हसायची. ती म्हणायची, तुमी या लायनीतले ना? मग घाबरता कशाला?

वर्षश्राद्धाला आठ दिवस होते तेव्हा मिस्त्रीने एक दिवस टेंपो मागितला. लाकूड आणायचंय, म्हणाला. मी दिला. परत आणून लावला तेव्हा मी बघितलं पण नाय. दोन दिवस डाव्या दारातनं वारा येत होता, फडफड आवाज येत होता. मला वाटलं, माझ्याच छातीत काहीतरी होतंय. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, काय नाय, गॅस हाय.

मिस्त्री गेल्या दिवाळीनंतर गेला. हे मधीच सांगतो, कारण नंतर सांगायला मला जमायचं नाय. त्याची लेक आली, घर आवरायला. जेवढी माणसं फळ्या घेऊन गेली होती तेवढी सगळी आली, दारात उभी ऱ्हायली, आणि याची फळी आता कोण करणार म्हणून एकमेकांकडे बघत होती. कुणाचीच छाती झाली नाय. लेकीने मला त्याचं पिवळं हेल्मेट दिलं. कपाटं उतरवताना मी ते घालतो. लोकं हसतात. फळीवर लावलेलं नाय, वापरात हाय.

तर वर्षश्राद्धाच्या सकाळी मी मिस्त्रीला आणायला गेलो. फळी जुन्या चादरीत गुंडाळलेली, त्याने मांडीवर घेतली आणि बाबाच्या जागेवर बसला. कर्जत सुटलं. मग धीर केला.

"मिस्त्री, काय काय लावलंय फळीवर?"

"तू दिलेलं नाय लावलं."

मी ब्रेक मारला. मागनं एका बाईकवाल्याने माझ्या आईचा उद्धार केला, आणि मला ते बरोबरच वाटलं.

"तो डावरा कोण होता मला म्हाईत नाय," मिस्त्री म्हणाला. "त्याची फळी वेगळी केली. माझ्या घरी लावलीय. त्याला दुसरं घर मला कुठं ठाऊक हाय?"

"तुमाला कसं कळलं?"

"तुझा बाप माझ्या दारात या टेंपोत बसून तंबाखू मळायचा. तू आत चहा पीत असायचास. मी बाहेर बघत असायचो. लंगडायचा का ते नाय सांगता येत, उतरला नाय कधी. डावरा नव्हता." मग म्हणाला, "आईला तू सांग. मी सुतार हाय, मी नाय सांगणार."

चौक आलं. माझे हात स्टिअरिंगवर इतके घट्ट होते की वळताना आख्खा मी वळत होतो. मी विचार केला की टेंपो बंद पाडू. तो एरवी कधीपण बंद पडतो. त्या दिवशी सुतासारखा चालला.

घरी मामा, मामी, आळीतली दहाबारा माणसं. नैवेद्य झाला होता. आय चौकटीला टेकून बसलेली, बाबाच्या जागेवर नाय, तिच्या स्वतःच्या. मिस्त्रीने गुलाबी चपला बाहेर काढल्या, फळी तिच्यासमोर भिंतीला उभी केली आणि चादर माझ्या हातात दिली. म्हणजे काढायची मी.

मी काढली. डोळे मिटून काढली. मग एक डोळा उघडला.

फळीवर काही नव्हतं. कोयती नाय, चष्मा नाय, डबी नाय. खोक्याच्या लाकडाची चौकट आणि तिच्यात एक मळका प्लायचा तुकडा. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, चार तऱ्हेचे. आणि त्या प्लायवर पांढरे फराटे. एकावर एक, एकाखाली एक, सगळे एकाच उंचीवर, सगळे एकाच बाजूला वळलेले. जुने पिवळे पडलेले, त्यांच्यावर नवीन, त्यांच्यावर आणखी नवीन. बोट टेकवल्याची जाड जागा आणि मग बारीक होत गेलेली शेपटी. शेकडो असतील. बाबा माझ्या बाजूला बसून माझ्या प्यांटीपासून चुना लांब नेत होता, तेवढे.

तेव्हा मला कळलं की टेंपोच्या डाव्या दाराला बाबाच्या प्लायच्या जागी मिस्त्रीने पुठ्ठा लावलाय. माझ्या छातीत काही झालं नव्हतं.

आय पुढे सरकली. तिने उजवं बोट एका फराट्यावर ठेवलं, जाड जागेवर, आणि हळू हळू शेपटीपर्यंत नेलं. मग दुसऱ्यावर. मामी रडायला लागली. मिस्त्री मागे वळून अंगणातली कोंबडी बघत होता.

मग आयने मान वर केली. "बाकीचं?"

मिस्त्रीने कोंबडीवरनं नजर काढली नाय. मी तोंड उघडलं. वर्षभर पाठ केलेलं सगळं गेलं. "भंगारात," मी म्हटलं. "सगळं. पेटीसकट. तू मामाकडे होतीस तेव्हा."

मागची दोन माणसं नीट ऐकायला पुढे सरकली.

"ठाऊक हाय," आय म्हणाली. "मी आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी तो भंगारवाला परत आला होता. आणखी काय हाय का विचारायला."

म्हणजे सगळं वर्ष तिला ठाऊक होतं. चष्म्याचा दोरा, डबीचं टिंब, हिरवं ठिगळ, जेवता जेवता एकेक करून तिने मला विचारलं, आणि मी मान डोलवली. मी बायकोकडे बघितलं. बायको चुलीकडे गेली.

पण खरं सांगतो, मला एकदम हलकं वाटलं. आय रागावली नव्हती. ती परत फराट्यांवर बोट फिरवायला लागली होती. मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "मग हे कुठं होतं रं इतके दिवस?"

आणि हलकं वाटलं की माझं काय होतं ते तुमी आतापर्यंत ओळखलं असेल. माझी छाती फुगली.

"माझ्याकडे," मी म्हटलं. "टेंपोत. इतकी वर्षं जपून ठेवलेलं."

आयने मागे वळून पण बघितलं नाय.

"जपलंस कसलं रं," ती म्हणाली. "टेंपो कधी धुवत नायस, म्हणून ऱ्हायलं."